तीनदा ओढून पाहिलेलं कुलूप

"आजपासून आपल्या सर्व्हरमध्ये मुंगी शिरून दाखवू दे, मी नोकरी सोडीन!" असं कुलूपरावांनी सकाळी दहा वाजता जाहीर केलं. दुपारी पावणेदोनपर्यंत मुंगी शिरली नाही, हे खरं आहे. पण कुलूपरावांनाही शिरता आलं नाही, आणि सगळी गोष्ट आहे ती तिथेच!

कुलूपराव हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. ते ठेवलं त्यांच्या कारखान्यातल्या पॉलिशकाकांनी. एकदा काम आटोपून दोघं बरोबर निघाले, तेव्हा कुलूपरावांनी दाराला कुलूप लावलं, दोन पायऱ्या उतरले, परत चढले आणि कुलूप ओढून पाहिलं. एकदा, दोनदा, तीनदा. पॉलिशकाका खाली छत्री घेऊन उभे होते. दुसऱ्या दिवसापासून सगळे त्यांना कुलूपराव म्हणायला लागले, आणि महिन्याभरात मालकीणबाईंनी पगाराच्या पाकिटावरही तेच लिहिलं. घरीसुद्धा तीच तऱ्हा. दोनदा ओढून त्यांचं समाधान होत नसे, आणि चौथ्यांदा ओढेपर्यंत बायको थांबत नसे.

त्यांची नोकरी दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात. कारखाना म्हणजे तीन खोल्या. पहिलीत फोन, दोन बाकं आणि फोनताई. दुसरीत एका चकतीतून दात कोरून काढणारं यंत्र आणि ते दात घासून चमकवणारे पॉलिशकाका. तिसरीत भट्टी, तिच्यात सिरॅमिकचे दात भाजून पक्के होतात; साध्या कवळीला ती लागत नाही. मालकीणबाई स्वतः दंतवैद्य. त्या जबड्याचं माप घेत आणि शेवटी कवळी तोंडात बसवून देत. या सगळ्यावर हुकमत चालायची ती दुसऱ्या खोलीतल्या टेबलाखालच्या सर्व्हरची. तो लिनक्स नावाच्या संगणकप्रणालीवर चालायचा, आणि लिनक्स चालायचा कुलूपरावांच्या शब्दावर. निदान कुलूपरावांचा तरी तसा समज होता.

त्या दिवशी त्यांच्या शब्दाला विशेष किंमत होती, कारण यंत्रावर कवळी लागली होती ती त्यांच्या सासऱ्यांची.

सासरे म्हणजे चाळीस वर्षं नाटकात प्रॉम्प्टर. विंगेत स्टुलावर बसायचं, हातात वही, आणि नट अडखळला की हळूच पुढचा शब्द पुरवायचा. राजांना राज्यं पुरवली, नायकांना प्रेम पुरवलं, स्वतः कधी उजेडात आले नाहीत. आता एकाहत्तराव्या वर्षी त्यांना पहिल्यांदा भूमिका मिळाली होती. वाक्यं चारच, पण स्वतःची! प्रयोग त्याच संध्याकाळी सहाला. आणि नेमके तीन आठवड्यांपूर्वी उरलेसुरले दातही काढावे लागले होते. तीन आठवडे ते सूपावर होते आणि ती चार वाक्यं हिरड्यांनी पाठ करत होते.

"बाबांना चार वाजता दात मिळायलाच हवेत हं!" बायकोनं सकाळी दारातच बजावलं होतं.

"अगं, यंत्र माझ्या हातात आहे. साडेतीनलाच देतो!"

"चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या तोंडात शब्द घातलेत त्यांनी. आज त्यांच्या तोंडात दात घालायचं काम तुमच्याकडे आहे. विसरू नका."

कुलूपराव विसरले नव्हते. उलट, इतक्या महत्त्वाच्या दिवशी कसली गडबड नको म्हणून तर त्यांनी सकाळी सकाळी सर्व्हरला नवं कुलूप ठोकलं! माणूस चांगल्या हेतूनं काय काय करतो, त्याला तोड नाही.

नवं कुलूप असं होतं. सर्व्हरचं जे मुख्य खातं, ज्याला लिनक्सवाले 'रूट' म्हणतात, त्याचा पासवर्ड कुणी तीनदा चुकवला की खातं बंद. पंधरा मिनिटं कुणी हातही लावला नाही, तरच ते आपोआप उघडणार. मध्ये कुणी पुन्हा ठोठावलं, की पंधरा मिनिटं परत पहिल्यापासून! शिवाय प्रत्येक चुकीच्या प्रयत्नाला 'टुंग' असा आवाज, आणि पडद्यावर एकूण प्रयत्नांचा आकडा. पूर्वी मालकीणबाई आणि पॉलिशकाका यांनाही थोडेफार अधिकार होते. ते त्यांनी काढून घेतले. "एक घर, एक किल्ली!" त्यांनी सांगितलं. महागाच्या चकत्या वाया जाऊ नयेत म्हणून आणखी एक नियम घातला. यंत्रात नवी चकती लावली, की पुढचं काम मुख्य खात्याच्या परवानगीनंच सुरू होईल.

"आणि तुम्हीच चुकलात तर?" फोनताईंनी विचारलं.

"तर मीसुद्धा बाहेर!" कुलूपराव छाती फुगवून म्हणाले. "त्यालाच तर म्हणतात सुरक्षा! या, करून बघा. लावा हात!"

पॉलिशकाकांनी एक पासवर्ड टाकला. टुंग! फोनताईंनी स्वतःच्या वाढदिवसाची तारीख टाकली. टुंग! मालकीणबाईंनी चष्मा लावून सावकाश काहीतरी टाकलं. टुंग! पडद्यावर लाल अक्षरं आली. मुख्य खातं बंद.

"वा!" कुलूपरावांनी स्वतःच टाळ्या वाजवल्या. "बघा, आता ब्रह्मदेव आला तरी पंधरा मिनिटं आत येणार नाही!"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. सगळे आपापल्या कामाला लागले.

पंधरा मिनिटांनी कुलूपराव आले, ऐटीत खुर्ची ओढली आणि खरा पासवर्ड टाकला. टुंग! खातं बंद.

"घड्याळ थोडं पुढे असेल माझं," ते म्हणाले आणि वीस मिनिटं थांबले. टुंग! खातं बंद. पडद्यावरचा आकडा मात्र पाचवर असायला हवा होता, तो सोळावर होता.

आता त्यांच्या कपाळावर घाम आला. "कुणी हात लावला?"

"मी फक्त एकदा बघितलं, उघडलं का म्हणून," पॉलिशकाका म्हणाले.

"मीही एकदाच," फोनताई म्हणाल्या. "म्हटलं, तुम्हाला मदत."

"आणि बाकीचे?"

बाकीच्यांचा पत्ता नव्हता; यंत्राच्या घरघरीत त्यांची टुंग कुणाला ऐकूही आली नव्हती. तेवढ्यात कोरणारं यंत्र थांबलं. सासऱ्यांची वरची कवळी तयार झाली होती. पॉलिशकाकांनी ती काढून डबीत ठेवली, खालच्या कवळीसाठी नवी चकती लावली, आणि यंत्रानं विचारलं, मुख्य खात्याची परवानगी?

कुलूपरावांच्या तोंडचं पाणी पळालं. खालची कवळी कोरायला दीड तास, पॉलिशला अर्धा तास, मालकीणबाईंना बसवायला अर्धा तास. म्हणजे चार हुकले तरी पाचला नाट्यगृहात पोचायचं, तर फार तर दोन वाजेपर्यंत यंत्र सुरू व्हायला हवं. नाहीतर सासरे वरच्या दातांनी दोन वाक्यं म्हणणार आणि खालची दोन तशीच राहणार!

"मग सोडवा ना हो ते कुलूप," मालकीणबाई म्हणाल्या. "तुम्हीच लावलंय."

"एका ओळीत सुटतं, बाई. एक आज्ञा लिहायची, की झालं."

"मग लिहा!"

"ती आत जाऊन लिहावी लागते."

मालकीणबाईंनी चष्मा काढून पुसला. रागावल्या की त्या चष्मा पुसत.

"सर्व्हर बंद करून चालू करा," पॉलिशकाकांनी सुचवलं. "माझा टीव्ही असाच दुरुस्त होतो."

"आणि भट्टी? अकरा जणांचे दात भाजतायत आत! भट्टीला किती तापायचं ते हा सर्व्हर सांगतो. तो बंद झाला की भट्टी बंद, आणि सगळ्या दातांना तडे! संध्याकाळी सातपर्यंत भट्टीला हात लावायचा नाही."

"कोण ठोठावतंय ते तरी बघा."

"त्याची नोंद असते ना! सगळं बारीक लिहिलेलं असतं, कुठून आला, किती वाजता आला..."

"कुठे असतं लिहिलेलं?"

"आत," कुलूपराव म्हणाले.

मालकीणबाईंनी पुन्हा चष्मा पुसला.

आता कुलूपरावांनी डोकं चालवलं. बाहेरून येणं शक्यच नाही. बाहेरचं फाटक त्यांनीच बांधलेलं, त्यातून मुंगी येणार नाही. म्हणजे आतलंच कुणीतरी! त्यांनी कारखान्यातले सगळे कीबोर्ड काढून आणले आणि टेबलावर एकावर एक रचले. फोनताईंचा, पॉलिशकाकांचा, मालकीणबाईंच्या खोलीतला, आणि एक मोडका, जो दोन वर्षं कशालाच जोडलेला नव्हता. मग ते त्या ढिगासमोर हाताची घडी घालून बसले.

टुंग! टुंग! टुंग!

"आता?" फोनताई दोन्ही हात वर करून म्हणाल्या. "मी नाही हं!"

कुलूपरावांनी माउस जमा केले. दहा मिनिटं गेली. टुंग! टुंग! टुंग! त्यांनी सगळ्यांचे मोबाइल एका कवळ्यांच्या खोक्यात बंद केले. टुंग! टुंग! टुंग! फोनताईंना फोन घ्यायला बंदी झाली, त्यामुळे फोन वाजतच राहिला, आणि पलीकडे कुणीतरी दातदुखीवाला बिचारा कळवळत राहिला असेल. पॉलिशकाकांना खिशातून हात काढायची मनाई झाली. दातांचा कारखाना चक्क दातखीळ बसल्यासारखा गप्प झाला.

साडेबाराला तर कुलूपरावांनी कहर केला. ते मालकीणबाईंसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, राग मानू नका, पण तुमच्याकडे आणखी एखादा लपवलेला कीबोर्ड...?"

"बाहेर व्हा!" मालकीणबाई म्हणाल्या. "आणि दोन वाजेपर्यंत ते यंत्र चालू झालं नाही, तर नोकरी सोडायला मुंगीची वाट बघू नका!"

कुलूपराव बाहेर झाले, तर समोरच्या बाकावर सासरे!

चारला यायचे ते साडेबारालाच येऊन बसले होते. अंगात इस्त्रीचा सदरा, मांडीवर नाटकाची वही, शेजारी सूपाचा थर्मास. चेहऱ्यावर असा आनंद, की कुलूपरावांना जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"जावईबापू! घरी बसवेना हो," सासरे म्हणाले. दात नसल्यामुळे त्यांचे निम्मे शब्द हवेतच विरायचे. "म्हटलं, आपले दात तयार होताना तरी बघावेत. पहिले दात आले तेव्हा फार लहान होतो, काही आठवत नाही."

फोनताई खुदकन हसल्या. पॉलिशकाकांनी डबी आणून वरची कवळी दाखवली. सासऱ्यांनी ती दोन्ही हातांत धरली, उजेडात फिरवून पाहिली आणि विचारलं, "आणि खालची?"

पॉलिशकाकांनी कुलूपरावांकडे पाहिलं. आणि मग कुलूपराव बोलले, कारण लपवणार किती? त्यांनी सगळं सांगितलं. कुलूप, टुंग, कीबोर्ड, मालकीणबाई, सगळं.  "बाबा, मी तुमच्या प्रयोगाची माती केली. दोन वाजेपर्यंत उघडलं नाही, तर... मला माफ करा."

सासरे रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "असू दे. चारच वाक्यं आहेत. मी हळू म्हणेन." आणि कुलूपरावांच्या पाठीवरून हात फिरवला. कुलूपरावांना अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग सासरे दुसऱ्या खोलीत स्टुलावर जाऊन बसले. सवयीनं त्यांना स्टूलच लागायचं. वही मांडीवर, पेन्सिल कानावर. बाकीचे सर्व्हरभोवती उभे राहून एकमेकांच्या हातांवर नजर ठेवत होते. एकला वीस मिनिटं असताना टुंग, टुंग, टुंग झालं. सासऱ्यांनी मान वर केली आणि वहीच्या कडेला काहीतरी टिपलं. एकला दहा कमी असताना पुन्हा झालं. पुन्हा टिपलं. एकला पुन्हा. एक वाजून दहाला पुन्हा.

एक वाजून एकोणीस मिनिटांनी सासऱ्यांनी पेन्सिल उचलली.

"आता येईल तो," ते हळूच म्हणाले.

"कोण?"

"थांबा. एंट्री आहे त्याची." त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, पेन्सिलीनं हवेत खूण केली. "हं, ये!"

टुंग! टुंग! टुंग!

सगळे सासऱ्यांकडे बघायला लागले. पॉलिशकाका तर दोन पावलं मागेच सरकले.

"बाबा! तुम्ही केलंत?"

"मी कशाला करतोय! मी चाळीस वर्षं माणसांच्या एंट्र्या पाहिल्यात, जावईबापू. माणूस एवढा वेळेवर कधी येत नाही. कधी लवकर येतो, कधी मिशी लावायची राहते म्हणून उशिरा येतो. हा बरोबर दहा मिनिटांनी येतो आणि बरोबर तीनदा ठोकतो. हा माणूस नाही. ह्याला कुणीतरी पाठ करून पाठवलंय." त्यांनी पेन्सिल परत कानावर ठेवली. "पण मला दुसरंच आठवतंय. मी समोरच राहतो, खिडकीतून तुम्हा दोघांना बाहेर निघताना बघतो ना? दार लावून, दोन पायऱ्या उतरून, परत येऊन, कुलूप तीनदा कोण ओढतं?"

 कुलूपरावांचं तोंड उघडलं, ते तसंच राहिलं. आत दात मात्र सगळे होते.

"अरे देवा," ते म्हणाले. "रखवालदार!"

ऐका आता. सहा महिन्यांपूर्वी कुलूपरावांना रात्रीची झोप लागेना. सर्व्हरला कुलूप तर लावलंय, पण ओढून कोण बघणार? तेव्हा त्यांनी घरच्या जुन्या लॅपटॉपवर एक छोटासा प्रोग्राम लिहिला आणि त्याचं नाव ठेवलं रखवालदार. काम एकच, दर दहा मिनिटांनी घरून सर्व्हरचं दार ठोठावायचं, मुद्दाम चुकीचा पासवर्ड तीनदा टाकायचा, आणि दार उघडलं नाही तर समाधानानं लिहून ठेवायचं, 'कुलूप पक्कं आहे.' त्याच्यासाठी फाटकात एक खास खिडकीही त्यांनीच ठेवली होती. जुनं कुलूप तीनदा ओढलं तरी नुसतंच नाही म्हणायचं. नवं कुलूप तीनदा ओढलं की पंधरा मिनिटं दारच बंद करायचं. आणि रखवालदार मन लावून दर दहा मिनिटांनी हजर! कुंपणानंच शेत खायला घेतलं होतं.

"इंटरनेटची वायर काढा!" फोनताई ओरडल्या. "भट्टी त्याच्यावर थोडीच चालते!"

"सर्व्हरला वायर एकच, भट्टीचीही तीच. नुसतं इंटरनेट तोडायचं तर त्याचा डबा कपाटात आहे. कपाटाला कुलूप आहे," कुलूपराव म्हणाले.

"आणि किल्ली?"

"घरी. रखवालदाराशेजारी."

या वेळी मालकीणबाईंनी चष्मा पुसला नाही. काढूनच ठेवला.

खोक्यातून मोबाइल निघाला. कुलूपरावांनी घरी फोन लावला.

"अगं, फ्रिजवरचा तो जुना लॅपटॉप बंद कर! आत्ताच्या आत्ता!"

"तो? त्याच्यावर तुम्हीच चिठ्ठी लावलीय, 'कुणीही हात लावू नये'. सहा महिने त्याच्या खालची धूळसुद्धा पुसलेली नाही मी."

"मीच सांगतोय ना आता, लाव हात!"

"का पण? झालं काय?"

"मग सांगतो!"

"आत्ता सांगा. बाबांचे दात झाले का?"

कुलूपरावांनी सासऱ्यांकडे पाहिलं. सासऱ्यांनी चाळीस वर्षांच्या सवयीनं हळूच पुढचं वाक्य पुरवलं, "माझं चुकलं म्हणा."

"माझं चुकलं," कुलूपराव फोनमध्ये म्हणाले. "दात अजून व्हायचेत, आणि त्या लॅपटॉपमुळेच अडलेत."

पलीकडे स्टूल ओढल्याचा आवाज. "काढली वायर. पण दिवा लागलेलाच आहे याचा!"

"बॅटरी आहे! बटण दाबून धर!"

"धरलं. अजून आहे."

"धरून ठेव!"

"अहो, हा पडद्यावर लिहितोय, 'कुलूप पक्कं आहे'. कसलं कुलूप? आणि... हं, गेला."

एक वाजून एकोणतीस मिनिटं झाली होती. विसाव्या मिनिटाची टुंग ही रखवालदाराची शेवटची. म्हणजे आता एक पस्तीसपर्यंत कुणी हात लावायचा नाही, मग सगळं मोकळं!

सगळे श्वास रोखून बसले. मालकीणबाईंनी फोनताईंचा हात धरला, फोनताईंनी पॉलिशकाकांचा. एक तीस. एक बत्तीस. एक चौतीस. आणि एक चौतीसला कुलूपरावांच्या बोटांना राहवलं नाही. फक्त बघायला हो! उघडत आलंय का, एवढंच! टिकटिक करत त्यांनी पासवर्ड टाकला.

टुंग!

"अहो, माणूस आहात की काय!" मालकीणबाई किंचाळल्या. पॉलिशकाकांनी तोंडातल्या तोंडात जे म्हटलं ते इथे लिहिता येत नाही.

आता एक एकोणपन्नास. आणि दोनला यंत्र सुरू व्हायलाच हवं होतं. आणखी एक टुंग झाली, की खालचे दात गेले.

सासरे उठले. त्यांनी आपलं स्टूल कुलूपरावांसमोर आणलं, बसले आणि त्यांचे दोन्ही हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरले.

"जावईबापू, प्रॉम्प्टरचं सगळ्यात अवघड काम कुठलं माहीत आहे? शब्द सांगणं नव्हे. गप्प बसणं. नट थांबलाय, तो विसरलाय का मुद्दाम थांबलाय, हे बघत बसायचं. ज्याला धीर नाही तो चांगलं नाटक पाडतो."

"पण बाबा, उघडेल ना?"

"तुम्ही लावलंय ना कुलूप? मग उघडेल. तुमची कुलपं चांगली असतात. त्यांना जरा एकटं सोडायला शिका."

पंधरा मिनिटं दोघं तसेच बसले. कुलूपरावांची बोटं मधूनमधून वळवळत होती, आणि सासरे ती दाबून धरत होते. मधल्या वेळात त्यांनी कुलूपरावांना बऱ्याच बारीकसारीक गोष्टी विचारल्या. कुलूप ओढताना आधी डावा हात की उजवा? पायऱ्या दोनच उतरता का? तिसऱ्यांदा ओढल्यावर मान हलवता, ती कशासाठी? कुलूपरावांना वाटलं, म्हातारा माणूस आपलं मन रमवतोय. त्यांना इतकं भरून आलं, की त्यांनी सगळं अगदी सविस्तर सांगितलं.

एक एकोणपन्नास. सासऱ्यांनी घड्याळ पाहिलं, आणखी एक मिनिट मुद्दाम थांबले, मग हात सोडले. "हं. तुमची एंट्री."

कुलूपरावांनी एकेक अक्षर जपून टाकलं. टुंग नाही! दार उघडलं! खोलीत असा गलका झाला, की समोरच्या दुकानदारानं बाहेर येऊन पाहिलं. कुलूपरावांनी परवानगी दिली, आणि यंत्रानं घुर्रर्र करून खालची कवळी कोरायला घेतली. पॉलिशकाकांनी सासऱ्यांना उचलायचा प्रयत्न केला, पण कमरेत लचक भरली, म्हणून नुसतंच मिठीवर भागवलं.

साडेचारला मालकीणबाईंनी सासऱ्यांना आरसा दाखवला. सासरे आरशात बराच वेळ बघत राहिले. मग खणखणीत आवाजात म्हणाले, "कोण आहे रे तिकडे?" सगळे दचकले.

"वाक्य आहे माझं," सासरे लाजून म्हणाले. "पहिलं."

सहा वाजता कुलूपराव आणि बायको चौथ्या रांगेत बसले होते. मागच्या रांगेत अख्खा कारखाना, फक्त भट्टीपाशी सातपर्यंत पॉलिशकाका राहिले होते. बायकोला सगळं कळलं होतं. ती काही बोलली नव्हती, आणि कुलूपराव त्याच भीतीनं अर्धे झाले होते. पडदा वर गेला.

दुसऱ्या प्रवेशात सासरे आले. अंगात खाकी कोट, हातात कंदील. भूमिका होती वाड्याच्या रखवालदाराची! पहिलं वाक्य शेवटच्या रांगेपर्यंत लख्ख ऐकू गेलं. बायकोनं कुलूपरावांचा दंड पकडला, आणि तिचे डोळे भरून आले. दुसरं वाक्य, तिसरं, चौथं. एकही अक्षर हवेत विरलं नाही. मग सासऱ्यांनी दाराला कुलूप लावलं आणि निघाले.

वहीप्रमाणे तिथून त्यांनी विंगेत जायचं होतं. पण सासरे दोन पायऱ्या उतरले आणि थांबले. परत चढले. उजव्या हातानं कुलूप ओढलं. पुढे आले, परत गेले, पुन्हा ओढलं. मग कंदील खाली ठेवून, दोन्ही हातांनी तिसऱ्यांदा ओढलं, समाधानानं मान हलवली, आणि नवेकोरे बत्तीस दात दाखवत प्रेक्षकांकडे बघून हसले.

नाट्यगृह कोसळायचं बाकी राहिलं! मागच्या रांगेत मालकीणबाई चष्मा पुसत होत्या, पण या वेळी रागानं नव्हे. फोनताईंनी "टुंग! टुंग! टुंग!" करून साथ दिली. बायको तर हसून हसून कुलूपरावांच्या खांद्यावरच पडली.

कुलूपराव एकटेच गंभीर होते.

"काय झालं?" बायकोनं डोळे पुसत विचारलं. "राग आला का बाबांचा?"

"छे गं! छान केलं त्यांनी," ते म्हणाले. "पण तू आज त्या लॅपटॉपच्या गडबडीत नाटकाला घाईनं निघालीस ना... आपलं कुलूप ओढून पाहिलंस का?"

बायकोचं हसू एकदम थांबलं. "ओढू कशाला?" ती हळूच म्हणाली. "लावलं तर पाहिजे ना!"